“कुठल्या कोट्यातून आलीस?” : पदवीसोबतची शिकाऊ उमेदवारी आणि आमची मुले

गेल्या जून महिन्यात आमच्या अभ्यासिकेत बारावी झालेली तीन मुले एकच फॉर्म घेऊन आली. फॉर्म संगणकाच्या पदवीचा होता, पण नेहमीच्या पदवीचा नव्हता. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातली शेवटची तीन सत्रे एका बड्या आयटी कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून काम, दरमहा विद्यावेतन आणि शेवटी विद्यापीठाची पदवी. फॉर्मच्या कोपऱ्यात टाय लावलेला एक हसरा मुलगा आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘शिका आणि कमवा’. तिघांपैकी एकाने विचारले, “दादा, सही करू का?”

त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. पंधरा दिवसांनी दिले. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे आणि ते फक्त त्या तिघांसाठी नाही.

आपल्या समाजात या प्रश्नाची दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर पालकांचे. “फुकटात डिग्री भेटून राहिली, वरून पैसे. तुम्ही काहून अडवता जी?” असे एका आईने आम्हाला विचारले. चार घरची धुणीभांडी करून मुलाला बारावीपर्यंत आणणाऱ्या बाईला हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. दुसरे उत्तर आमच्याच चळवळीतल्या काही मित्रांचे. ते म्हणतात, ही नवी वेठबिगारी आहे, भांडवलदारांना स्वस्त हात हवे आहेत, एकही मूल पाठवू नका. हे उत्तर ऐकायला जहाल वाटते. पण ते देणाऱ्यांपैकी अनेकांची स्वतःची मुले चार वर्षांची इंजिनिअरिंगची फी भरून शिकत आहेत, हेही आम्ही पाहतो. ज्यांच्या घरात फी भरण्याची ऐपत नाही, त्यांना ‘जाऊ नका’ एवढेच सांगून मोकळे होणे म्हणजे क्रांती नव्हे.

आम्हाला ही दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. का मान्य नाहीत, ते एका मुलीच्या अनुभवावरून सांगतो.

आमच्या अभ्यासिकेतून अशा अभ्यासक्रमाला गेलेली ती पहिली मुलगी. २०२१ साली प्रवेश घेतला आणि जानेवारी २०२३ पासून दीड वर्ष पुण्यात कंपनीत काढले. तिचे नाव आम्ही लिहिणार नाही, कंपनीचेही नाही, कारण तिला याच क्षेत्रात पुढे नोकरी करायची आहे. आजोबा गिरणी कामगार, वडील रंगारी. तीन रविवार बसून आम्ही तिचे म्हणणे ऐकले आणि लिहून काढले. लिहिण्याआधी तिने एकच अट घातली. “दादा, कंपनीला काय शिव्या घालायच्या त्या घाला, पण मी तिथं शिकले, हेही लिहा.” म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

कॉलेजात संगणकाची प्रयोगशाळा आठवड्यातून एकदा उघडायची. प्रोग्रॅम जर्नलमध्ये उतरवून काढायचा, बाईंची सही घ्यायची, झाले. कंपनीतल्या पहिल्या तीन महिन्यांत ती लिनक्सवर काम करायला शिकली, एसक्यूएल शिकली, गिट शिकली. शेकडो लोक एकाच प्रणालीवर काम करत असताना आपल्या बदलामुळे दुसऱ्याचे काम कसे मोडू द्यायचे नाही, हे शिकली. चूक सापडली तर ती दुसऱ्याला नेमकी समजेल अशी कशी लिहायची, हे शिकली. आणि परदेशी ग्राहकाच्या कॉलवर इंग्रजीत “मला समजले नाही, पुन्हा सांगा” असे म्हणायला शिकली. हे शेवटचे सगळ्यांत अवघड होते, असे ती म्हणते. आम्ही तिच्यावर विश्वास ठेवतो. न समजल्याचे कबूल करायलाही पाठीशी पिढ्यांचा आत्मविश्वास लागतो.

हे खरे ज्ञान आहे. ज्यांना हजारो वर्षे ज्ञानाच्या दारातून हाकलले, त्यांच्या मुलीने ते मिळवले आहे. त्याला तुच्छ लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही, आम्हालाही नाही.

आता दुसरी बाजू.

विद्यावेतन दरमहा दहा हजार. हिंजवडीजवळ चौघींच्या खोलीत एका कॉटचे भाडे साडेपाच हजार, मेसचे तीन हजार. उरलेल्या दीड हजारात बसभाडे, मोबाइल, औषधपाणी आणि वर्षातून दोनदा नागपूरचे तिकीट. खोलीची अनामत भरायला वडिलांनी भिशी उचलली होती. खोलीतल्या बाकी तिघींना घरून पैसे येत. हिच्या घरी मात्र ‘पोरगी कंपनीत लागली’ म्हणून हिच्याकडूनच पैसे येण्याची वाट पाहत. म्हणजे ‘शिका आणि कमवा’ हे वाक्य एका गृहीतावर उभे आहे : शिकाऊच्या पाठीशी पगारदार बाप आहे. ज्याच्या पाठीशी तो नाही, त्याच्यासाठी हे वाक्य ‘शिका आणि उपाशी राहा’ असे वाचावे लागते.

कंपनीत आयकार्डच्या दोऱ्या दोन रंगांच्या. कायम कर्मचाऱ्यांची निळी, शिकाऊंची पिवळी. निळ्या दोरीला कॅन्टीनमध्ये सवलत, रात्री घरी सोडायला गाडी. पिवळीला दोन्ही नाही. तीन महिन्यांचे प्रशिक्षण संपल्यावर तिला एका प्रकल्पावर टेस्टिंगला बसवले. एक तक्ता, त्यात दोनशे पायऱ्या. बटण दाबा, पडद्यावर काय आले ते पाहा, रकान्यात ‘पास’ लिहा. पुढचे आठ महिने हेच. करारनाम्याच्या जोडपत्रात मात्र ‘सॉफ्टवेअर विकसन’ असे छापलेले होते. रिलीज जवळ आली की रात्रीचे अकरा वाजत. मग गाडी नसलेल्या मुली तिघी-तिघी मिळून रिक्षा करत आणि भाडे वाटून घेत. तिला ऑटोमेशन शिकवले ते कंपनीने नव्हे, तर मराठवाड्यातून आलेल्या एका सीनिअर टेस्टरने. काम संपल्यावर तो रोज अर्धा तास थांबायचा.

आणि जात? ‘आयटीत जात नसते’ असे आमचे अनेक शिकलेले मित्रही सांगतात. तिच्या अनुभवात जात पहिल्या आठवड्यापासून होती, फक्त सभ्य भाषेत होती. पूर्ण नाव काय, वडील काय करतात, नागपुरात नेमके कुठे राहता. “उत्तर नागपूर” म्हटल्यावर आलेले ते “अच्छा”. डिसेंबर २०२३ मध्ये तिने सहा तारखेची रजा मागितली, चैत्यभूमीला जायचे म्हणून. रजा मिळाली. सात तारखेला टीमच्या प्रमुखाने सहा जणांसमोर हसत हसत विचारले, “काय गं, तू कुठल्या कोट्यातून आलीस?”

ती म्हणाली, “इथे कोटा नाही, सर. मी टेस्ट देऊन आले.”

सगळे गप्प झाले. हा प्रसंग सांगताना तिचा चेहरा उजळला होता. आम्हालाही अभिमान वाटला. मग आम्ही घरी जाऊन मूळ कायदा काढून वाचला आणि आम्हाला लाज वाटली. तिची नव्हे, स्वतःची.

कारण कोटा आहे.

शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ या कायद्यात १९७३ साली दुरुस्ती होऊन कलम ३-अ आले. ते सांगते की, सरकारने नेमून दिलेल्या प्रत्येक व्यवसायात प्रशिक्षणाच्या जागा अनुसूचित जाती आणि जमातींसाठी मालकाने राखून ठेवल्या पाहिजेत आणि त्यांची संख्या राज्यातील या समूहांची लोकसंख्या लक्षात घेऊन ठरवली जाईल. २००७ साली कलम ३-ब आले आणि इतर मागासवर्गीयांसाठीही तशीच तरतूद झाली. या कायद्यातला ‘मालक’ म्हणजे फक्त सरकार नव्हे. आस्थापनेत मोबदला देऊन माणसे कामाला ठेवणारा कोणीही. आणि ‘व्यवसाय’ म्हणजे फक्त फिटर, टर्नर, वेल्डर नव्हे. व्याख्येत अभियांत्रिकी, बिगर-अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञान यांतली विषयक्षेत्रेही येतात.

हे पुन्हा एकदा वाचा. खासगी मालकाच्या दारात, प्रशिक्षणापुरते का होईना, आरक्षण देणारे कलम या देशाच्या कायद्यात पन्नास वर्षांहून अधिक काळ आहे. आणि ‘खासगी क्षेत्रात आरक्षण मिळालेच पाहिजे’ हा ठराव आम्ही किती परिषदांत हात वर करून मंजूर केला? किती मोर्चांत ही घोषणा दिली? ती मागणी रास्त आहे, ती आम्ही सोडणार नाही. पण जे कागदावर मिळालेले आहे, ते पाळले जाते की नाही, हे आम्ही कधी तपासले? व्यासपीठावर न मिळालेल्या हक्कासाठी गर्जना करायची आणि मिळालेल्या हक्काची फाइलही उघडायची नाही, ही आमच्या चळवळीची सवय झाली आहे. ती मुलगी एकटी उभी राहून “इथे कोटा नाही” म्हणाली, कारण आम्ही तिला सांगितलेच नव्हते की तो आहे. तिने टेस्ट दिली हे खरे आणि तिच्यासाठी कायद्याने जागा राखलेली आहे हेही खरे. दोन्ही एकाच वेळी खरे असण्यात कमीपणा काय? कोटा हा शब्द शिवीसारखा ऐकायची सवय ज्यांनी आम्हाला लावली, त्यांनी पिढ्यानपिढ्या देवळे, पाठशाळा आणि वतने यांचा शंभर टक्के कोटा उपभोगला आहे.

आता या कलमातून सुटण्याच्या वाटा पाहा. २०१४ च्या दुरुस्तीने ‘ऐच्छिक व्यवसाय’ नावाचा नवा प्रकार आणला. तो सरकार नव्हे, मालक ठरवतो. कलम ३-अ चे शब्द मात्र नेमून दिलेल्या व्यवसायांबद्दल आहेत. मग मालकाने स्वतः ठरवलेल्या व्यवसायात राखीव जागा कोण मोजणार? शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. त्यात कर्मचाऱ्यांच्या तक्त्यात स्त्रिया किती, पुरुष किती, अपंग किती, याचे रकाने आहेत. अनुसूचित जाती-जमातींचा रकाना नाही. जे मोजायचेच नाही, त्याची टंचाई कधी दिसत नाही.

कोणी म्हणेल, कंपन्या गुणवत्ता पाहतात, जात कशाला पाहतील? याचे उत्तर समाजशास्त्राने देऊन ठेवले आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फक्त नावे वेगवेगळी. नावावरून उच्चवर्णीय वाटणाऱ्या अर्जदारांच्या तुलनेत दलित आणि मुस्लिम नावांना पुढच्या टप्प्याची संधी कमी मिळाली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेऊन दाखवून दिले की, हे अधिकारी तोंडाने गुणवत्तेचा जप करतात आणि मुलाखतीत उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारतात. आमच्या मुलीला विचारलेले “वडील काय करतात” हे सहज विचारलेले वाक्य नव्हते. ती चाचणीच होती.

नोकरी आणि तंत्रज्ञान यांच्यात जात कशी बसते, हे बाबासाहेबांनी फार आधी दाखवले आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त आणि तिथेच अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. तुटलेला धागा जोडताना तो तोंडाने ओला करावा लागे आणि तेवढ्याने सवर्ण कामगारांना विटाळ होई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला, तेव्हा कामगारांच्या एकजुटीच्या गप्पा मारणाऱ्यांना तो अडचणीचा वाटला. आज कोणी तोंडाने धागा जोडत नाही. पण खाती आजही दोन आहेत. एका खात्यात कोड लिहिला जातो आणि माणूस वाढत जातो. दुसऱ्या खात्यात ‘पास’ लिहिले जाते आणि माणूस तिथेच राहतो. नामवंत कॉलेज, घरातली इंग्रजी आणि शहरातले स्वतःचे घर ज्याच्याकडे आहे, तो पहिल्या खात्यात जातो. ही तीन भांडवले या देशात कोणाकडे साठली आहेत, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

आणि हेही विसरू नका की तांत्रिक शिक्षणाचा आग्रह बाबासाहेबांचा स्वतःचा होता. ऑक्टोबर १९४२ मध्ये मजूरमंत्री असताना त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या आणि सरकारी छापखाने व रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, अशीही मागणी केली. त्या काळी नवे तंत्र छापखान्यात आणि रेल्वेत होते, आज ते सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणून ‘मुलांना पाठवूच नका’ म्हणणाऱ्या आमच्या मित्रांनी सांगावे, बाबासाहेब वेठबिगारी मागत होते काय?

ते प्रवेश मागत होते आणि प्रवेशासोबत हक्क. आजच्या योजनेत खोट इथेच आहे.

१९६१ च्या कायद्याचे कलम १८ सांगते की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि या कायद्यात वेगळे सांगितले नसेल तर कामगारांचे कोणतेही कायदे त्याला लागू नाहीत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येत शिकाऊचा समावेश होता. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्या व्याख्येत १९६१ च्या कायद्याखालचा शिकाऊ स्पष्टपणे वगळला आहे. म्हणजे ग्राहकाला तिच्या कामाचे बिल जाते, पण ती कामगार नाही. रात्री अकराला ती दमते, पण कायद्याच्या दृष्टीने तिने काम केलेले नाही, ती शिकत होती. दोनशे पायऱ्या आठ महिने रोज तपासण्यात शिक्षण कोणते, हे कोणी विचारत नाही.

इंग्लंडमध्ये २०१५ पासून अशाच पदवी शिकाऊ उमेदवाऱ्या चालतात. तिथे शिकाऊ हा कंपनीचा कर्मचारी असतो, त्याच्याकडे नोकरीचा करार असतो, पगार असतो आणि पदवीची फी त्याच्या खिशातून जात नाही. २०१७ पासून मोठ्या मालकांच्या वेतनखर्चावर यासाठी स्वतंत्र कर आहे. तो देश काही समतेचे नंदनवन नाही. पण ‘शिकाऊला कामगार मानले तर उद्योग बुडतील’ असे सांगणाऱ्यांनी तिकडे एकदा पाहावे. ज्या कंपन्या तिथे हे नियम पाळून व्यवसाय करतात, त्यांना इथेच काय धाड भरते?

पैशाचेही बघा. २०१९ च्या नियमांनी पदवी-शिकाऊचे किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरवले. केंद्राच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा सरकार उचलते. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतन ३६ टक्क्यांनी वाढवून ६,८०० ते १२,३०० रुपये करण्याची शिफारस केली. वाढ हवीच. पण हिंजवडीच्या भाड्यापुढे १२,३०० रुपयेही पुरणार नाहीत, हे वरच्या हिशेबावरून दिसतेच. आणि कंपन्या शिकाऊ घेतात ते उपकार म्हणूनही नाही. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे ‘फार नियम लावाल तर कंपन्या शिकाऊ घेणे बंद करतील’ ही धमकी पोकळ आहे. घ्यावेच लागतात.

मग मूळ प्रश्न : सही करायची की नाही?

आम्ही त्या तिघांना सांगितले, करा. पण सही करण्याआधी चार गोष्टी बघा.

पहिली, करारनामा शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नोंदलेला आहे का? कलम ४ प्रमाणे तो नोंदला गेला पाहिजे. काही ठिकाणी नाव ‘अप्रेंटिस’ आणि नोंदणी कुठेच नाही, असे असते. तशा मुलाला ना कामगाराचे संरक्षण, ना शिकाऊचे. नोंदणी नसेल तर सही नाही.

दुसरी, बाँड. प्रशिक्षणानंतर इतकी वर्षे इथेच काम करीन, अशी अट असेल तर कलम २२ वाचा. तशी अट असल्यास मालकालाही योग्य नोकरी द्यावीच लागते. शिवाय मुदत किंवा पगार अवाजवी वाटला तर शिकाऊ उमेदवारी सल्लागार तो बदलू शकतो. बाँड फक्त मुलाला बांधत नाही. मालकालाही बांधतो. हे मुलांना कोणी सांगत नाही.

तिसरी, वेळ. २०१४ नंतर कामाचे तास मालक ठरवतो, पण कलम १५ आजही सांगते की सल्लागाराच्या मंजुरीशिवाय शिकाऊकडून जादा वेळ काम करून घेता येत नाही आणि ही मंजुरीसुद्धा प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताची खात्री पटल्यावरच द्यायची असते. रोज किती वाजता निघालात, याची वही ठेवा. तारीख आणि वेळ, एवढेच लिहा.

चौथी, पुढे काय. कलम २२ प्रमाणे प्रत्येक मालकाने शिकाऊंना नोकरीत घेण्याबाबत स्वतःचे धोरण ठरवले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ साली उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या खटल्यात सांगितले की, बाकी सर्व समान असेल तर थेट भरतीतल्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित शिकाऊला प्राधान्य द्यावे. ते धोरण पहिल्याच दिवशी मागा. आमच्या मुलीने ते शेवटच्या महिन्यात मागितले, ईमेल करून. उत्तर आले नाही. तिच्या तुकडीतल्या बावीस जणांपैकी सहा जणांना निळी दोरी मिळाली. ती त्या सहांत नव्हती. आज ती नागपुरातच एका लहान कंपनीत ऑटोमेशन टेस्टर आहे, त्या मराठवाड्याच्या सीनिअरने शिकवले त्याच्या जोरावर. रविवारी सकाळी ती अभ्यासिकेत मुलांना लिनक्स शिकवते.

आता आमचे स्वतःचे काम. मुलांना सावध राहा म्हणणे सोपे आहे. एकोणीस वर्षांची मुले कंपनीशी एकटी लढणार नाहीत आणि तशी अपेक्षा करणे हा क्रूरपणा आहे. लढायचे आहे ते संघटनेने. म्हणून आम्ही ठरवले आहे की, या वर्षीची पहिली लढाई माहितीच्या अधिकाराची. पदवी आणि पदविकेच्या शिकाऊंचा कारभार पश्चिम विभागासाठी मुंबईच्या शिकाऊ प्रशिक्षण मंडळाकडे आहे. आयटीआयच्या व्यवसायांचा कारभार राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे. दोघांना आम्ही तेच तीन प्रश्न विचारणार आहोत. महाराष्ट्रातल्या खासगी आस्थापनांनी कलम ३-अ आणि ३-ब प्रमाणे किती जागा राखल्या? त्यांतल्या किती भरल्या? न राखणाऱ्या किती आस्थापनांवर कारवाई झाली? प्रत्येक जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्ह्यापुरते हेच तीन प्रश्न विचारावेत. दहा रुपयांचा अर्ज आहे. एका बॅनरच्या खर्चात असे शंभर अर्ज होतात.

त्यापुढच्या मागण्या स्पष्ट आहेत. ऐच्छिक व्यवसायांनाही आरक्षणाचे कलम लागू असल्याचे शब्दांत लिहा. कंपन्यांच्या अहवालात जातीचा रकाना आणा. पदवी-शिकाऊला कामगाराचा दर्जा द्या. विद्यावेतन ज्या शहरात काम आहे, तिथल्या भाड्याशी जोडा आणि बाहेरगावच्या मुलामुलींना वसतिगृह द्या. यांतली एकही मागणी भीक नाही. आमची मुले काम करतात, त्या कामाचे नाव काम असावे, एवढेच आम्ही म्हणतो.

त्या आईला आम्ही उत्तर दिले आहे. आम्ही मुलाला अडवत नाही आहोत. तो जाईल. पण या वेळी एकटा जाणार नाही. तिघांच्या करारनाम्यांच्या प्रती अभ्यासिकेच्या कपाटात आहेत, तिघांच्या वह्यांवर नावे घातली आहेत. माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा त्या मुलीने स्वतः लिहिला आहे.

अर्जाखाली सही करताना ती म्हणाली, “दादा, आता कोणी विचारलं ना कुठल्या कोट्यातून आलीस, तर मी कलम सांगणार.”

जय भीम!